धाकट्याचं माप

मिस्त्रींच्या दुकानाची पाटी पडली त्याला तीन वर्षं झाली. पाटी शाबूत होती, खिळे होते, शिडीही होती. फक्त शिडी खालून धरायला माणूस नव्हतं. म्हणून पाटी आपली आतच, तोंड भिंतीकडे करून उभी. कुणी विचारलंच तर मिस्त्री म्हणायचे, "ज्याला बंदुकीचं काम आहे त्याला दुकान माहीत आहे. ज्याला माहीत नाही त्यानं येऊच नये." आणि खरं सांगायचं तर येतही नव्हतं फारसं कुणी.

पुढे दुकान, मागे एक खोली, मध्ये पडदा. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन लांब गेली, ती रविवारी फोन करायची. "जेवलात का?" "जेवलो." "काय केलं होतं?" इथे मिस्त्री दर वेळी काहीतरी ठोकून द्यायचे, कारण दूध-पाव खाल्ला म्हटलं की पुढची दहा मिनिटं बोलणी बसायची. बाकीचे सहा दिवस बोलायचं कुणाशी? तर हत्यारांशी. बारीक पटाशीला ते "बाई" म्हणायचे आणि लाकूड आवळून धरणाऱ्या शिकंज्याला "गाढवा". पटाशीवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. शिकंजा मात्र रोज शिव्या खायचा.

अशा ह्या दुकानात एका सकाळी एक तिशीतली बाई शिरली. खांद्याला लांबलचक कॅनव्हासची पिशवी, हातात कागदपत्रांचं पाकीट. दारातच थांबून तिनं एकदा छताकडे बघितलं, एकदा बाकाकडे.

"बंद आहे," मिस्त्री म्हणाले. उघड्या दुकानात बसून बंद आहे म्हणायची त्यांना खोडच होती.

"काका, मी. ओळखलं नाहीत?"

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला, परत खाली आणला. आधी नाक ओळखलं. त्या खानदानी नाकाला चुकायची सोयच नव्हती. मग उरलेली मुलगी ओळखली. आठ वर्षांची असताना ह्याच बाकाखाली बसून लाकडाच्या सालपटांच्या बांगड्या करायची ती. धाकट्याची मुलगी.

धाकटा म्हणजे मिस्त्रींचा सख्खा भाऊ, पाच वर्षांनी लहान. दोघं ह्याच बाकावर वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या हाताखाली शिकले. अण्णा गेल्यावर ह्याच बाकावर शेजारी शेजारी बसून पंधरा वर्षं कामं केली. आणि एका दुपारी, भर गिऱ्हाइकांत, बंदुकीला धाकट्यानं बसवलेल्या लाकडी दस्त्यात केसभर फट दिसली तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "अण्णांचा हात माझ्यात आला. तुझ्यात नुसतं आडनाव आलंय." धाकट्यानं पटाशी खाली ठेवली, अण्णांनी त्याला दिलेली दुनळी बंदूक खुंटीवरून काढली आणि चालता झाला. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं, संध्याकाळपर्यंत मिटलं तरी असतं. मिस्त्री म्हणाले, येईल आपणहून. धाकटा म्हणाला असेल, बोलावतील आपणहून. दोघंही एकाच बापाचे, त्यामुळे बावीस वर्षं गेली. राहत होते एकाच शहरात, दोन बस बदलायच्या अंतरावर.

"कुणी पाठवलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"बाबांनी."

तिनं पिशवी उघडून एकेक वस्तू बाकावर मांडली. फडक्यात गुंडाळलेल्या दोन जुळ्या नळ्या. चापाचं यंत्र असलेली लोखंडी पेटी. आणि लाकडाचा दस्ता, मानेपाशी मोडून दोन तुकडे झालेला. मिस्त्रींनी तुकडा हातात घेऊन उलटापालटा केला. दस्ता त्यांनीच केलेला होता. धाकटा तिशीचा झाला तेव्हा, त्याचं माप स्वतः घेऊन.

"हे कसं झालं?"

"हातातून पडली."

"हातातून पडली! बंदूक म्हणजे काय साबणाची वडी आहे, निसटायला?"

पुतणीनं तोंड उघडलं आणि मिटलं. "मला जास्त बोलायचं नाही असं बजावलंय," ती म्हणाली. "नवा दस्ता बसवून हवाय. परवान्याचे कागद ह्या पाकिटात आहेत. आणि हे माप."

"त्यानं स्वतः का नाही केला? हात आहेत की त्याला."

"ते म्हणाले, दस्ता दादाच बसवेल."

दादाच. मिस्त्री पाठ फिरवून शिकंज्याशी खटपट करायला लागले, आणि शिकंज्यानं काहीही केलेलं नसताना त्याला दोन सणसणीत शिव्या घातल्या. पुतणी दाराशी गेली, थबकली. "काका, कागद नीट वाचाल ना?"

"मला वाचता येतं," मिस्त्री म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी कागद उघडला. चार घड्या, चार ओळी, चार आकडे. अक्षर वेडंवाकडं, एक ओळ चढतीय तर दुसरी घसरतीय.

आता दस्त्याचं माप म्हणजे काय, हे सांगायला हवं. दस्ता हा कोटासारखा असतो, दुसऱ्याचा आपल्याला होत नाही. पहिला आकडा लांबीचा, चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत. त्यावरून माणसाचा हात किती लांब पोचतो ते कळतं. दुसरा आणि तिसरा उताराचे, म्हणजे नळीच्या रेषेखाली दस्ता किती उतरतो त्याचे. त्यावरून त्याची मान आणि गाल कळतो. आणि चौथा कलाचा. दस्ता कधी अगदी सरळ नसतो, तो दोन सूत, म्हणजे पाव इंच, एका बाजूला झुकवलेला असतो. उजव्या खांद्याला लावून उजव्या डोळ्यानं बघणाऱ्याला उजवीकडे, डावखुऱ्याला डावीकडे. एवढे चार आकडे असले की माणूस न बघताही त्याला बंदूक बसवता येते, आणि त्यातला एक जरी चुकला तरी नेम गेला.

कागदावर लांबी होती सव्वातेरा इंच. मिस्त्रींनी परत वाचलं. सव्वातेरा? धाकट्याचे हात एवढे लांब की लहानपणी त्याला ते माकड म्हणायचे. साडेचौदा इंच! मिस्त्रींना ते माप झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं. उतार बघावा तर म्हाताऱ्याकोताऱ्याला करतात तसा. आणि चौथ्या ओळीत स्वच्छ लिहिलेलं, दोन सूत डावीकडे. डावीकडे! ज्या माणसानं जन्मात डाव्या हातानं पाण्याचा पेला उचलला नाही, त्याला डावीकडे.

मिस्त्री तसेच बघत राहिले. मग एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि ते त्या रिकाम्या दुकानात मोठ्यांदा हसले. हसण्याचा आवाज इतका अनोळखी वाटला की स्वतःच दचकले.

अण्णांची एक पद्धत होती. अण्णांचा कागदावर काडीचा विश्वास नव्हता. पोरांना शिकवताना ते मुद्दाम खोटं माप लिहून द्यायचे. कधी लांबी दोन इंच कमी, कधी कल उलटा. जो पोरगा मुकाट कागदाबरहुकूम लाकूड कापेल त्याचा कान पिळवटून निघायचा. जो म्हणेल, "अण्णा, असा माणूसच नसतो," त्याला पाठीवर थाप. धाकटा दर वेळी फसायचा. कान लाल करून बाकाखाली जाऊन बसायचा आणि मिस्त्री त्याला वरून वेडावून दाखवायचे. अण्णांचं अक्षरही असंच होतं, कोंबडीनं पाय ओढल्यासारखं.

"अरे लबाडा!" मिस्त्री कागदाला म्हणाले. "माझी परीक्षा घेतोस होय? आणि अक्षरसुद्धा अण्णांचं काढलंस?"

बावीस वर्षांनी भावानं थट्टा केली होती. ज्या माणसाचा राग जात नाही तो थट्टा करेल का? छे. म्हणजे राग गेला होता. मिस्त्रींनी त्या दिवशी दूध-पाव बाजूला सारला, भाजी चिरली, भात टाकला आणि दोनदा वाढून घेतला. रविवारी मुलीनं विचारलं, "काय केलं होतं?" तर सगळं खरं सांगितलं. तिलाच खोटं वाटलं.

दुकानाच्या माळ्यावर अक्रोडाची एक फळी अकरा वर्षं वाळत पडली होती. रेषा बघाल तर डोळे निवतील अशी. किती जणांनी मागितली, पण मिस्त्री "चांगल्या कामाला ठेवलीय" म्हणून प्रत्येकाला वाटेला लावायचे. कुठल्या कामाला, हे त्यांनाही माहीत नव्हतं. आता माहीत झालं. त्यांनी फळी खाली काढली, अंदाजानं नाही, आठवणीनं आखली आणि करवत लावली. साडेचौदा इंच. कल उजवीकडे, दोन सूत. कागद घडी घालून खिशात ठेवला होता, धाकटा आला की त्याच्या नाकासमोर नाचवायला.

लोखंड लाकडात बसवायचं काम चिकाटीचं. चिमणी पेटवायची, तिच्या धुरावर लोखंडी पेटी धरून तिला काजळी चढवायची, मग ती लाकडातल्या खाचेत दाबायची आणि बाहेर काढायची. लाकडावर जिथे काळा डाग पडला तिथे लाकूड अडतंय. तेवढंच, केसाएवढंच, पटाशीनं खरवडायचं. परत काजळी, परत दाब, परत डाग. असं दोनशे वेळा, तीनशे वेळा. घाई केली आणि एक साल जास्त निघालं तर तिथे फट राहते, ती कायमची.

मिस्त्री रोज उजाडलं की खिडकीशी बसायचे. आता ते हत्यारांशी बोलत नव्हते, धाकट्याशी बोलत होते. "बघ माकडा, इथे तू घाई करायचास. इथे थांबायचं असतं." "ही रेष बघितलीस? मानेवरून अशी वळवून घेतली की शंभर वर्षं मोडायची नाही." दुपारी हात दुखायला लागले की म्हणायचे, "तू कर आता जरा," आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघायचे. बघितल्यावर मात्र काही काळ कामात लक्ष लागायचं नाही. एवढ्या वर्षांत ती जागा कधी एवढी रिकामी दिसली नव्हती, कारण तिथे कुणी येणार आहे असं त्यांनी कधी धरलंच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात पुतणीचा फोन आला.

"काका, बाबा विचारतायत, कागद वाचलात का?"

"वाचला! सगळं कळलं म्हणावं. मी काही दूधखुळा नाही."

पुतणीनं दबकत विचारलं, "सगळं कळलं?"

"अक्षरन् अक्षर." मिस्त्री भलतेच खुशीत होते. "म्हणावं, दस्ता झाला की कळवतो, मग ये खांद्याला लावून बघायला. तेव्हाच काय ते बोलू."

"बरं," ती म्हणाली. आवाज पडलेला वाटला. मिस्त्रींनी फोनच्या लाइनीला नावं ठेवली आणि परत काजळी धरायला बसले.

लाकूड बसलं. लोखंड आणि अक्रोड यांच्यात पातळ कागदसुद्धा जाईना. मग मानेवर बारीक जाळीची नक्षी, मग जवसाचं तेल. तेल अंगठ्यानं चोळायचं, अंगठा गरम होईपर्यंत. एक दिवस सुकू द्यायचं, परत चोळायचं. नऊ हात झाले तेव्हा लाकूड आतून उजळल्यासारखं दिसायला लागलं. मिस्त्रींनी ह्याहून चांगला दस्ता आयुष्यात केला नव्हता, आणि हे ते स्वतःच्या तोंडानं सांगत होते, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतंच.

पण दस्त्यावर त्यांचा जीव अडकला नव्हता. अडकला होता तो धाकट्यावर. तो परत यावा, शेजारी बसावा, बस्स. त्या दुपारी ते तसं बोलून गेले ते चुकलं, हे त्यांना त्याच रात्री कळलं होतं. बावीस वर्षं ते नुसतं तोंडातून बाहेर पडत नव्हतं. आता मात्र त्यांनी तालीम सुरू केली. "मी तेव्हा बोललो ते चुकीचं होतं," असं शिकंज्याला म्हणून बघितलं. फार पुस्तकी वाटलं. "चुकलो रे," असं म्हणून बघितलं. ते बरं वाटलं. त्यांनी धाकट्याच्या स्टुलाचा डगमगणारा पाय ठोकून घट्ट केला, दोन नवे कप आणले, गोड बिस्किटं आणली, आणि पुतणीला फोन करून सांगितलं, शनिवारी अकराला त्याला घेऊन ये.

शनिवारी साडेदहापासून ते दारात उभे. अकरा वाजून गेल्यावर एक टॅक्सी थांबली. पुतणी उतरली, पलीकडून फिरून आली आणि तिनं हाताला धरून एका म्हाताऱ्या माणसाला बाहेर काढलं. वाकलेला, उजवा पाय फरपटत टाकणारा. उजवा हात खिशात खुपसलेला. मिस्त्री त्या माणसाच्या मागे, टॅक्सीच्या दाराकडे बघत राहिले, आता धाकटा उतरेल म्हणून. टॅक्सीचं दार कुणी न उतरता बंद झालं. तेव्हा त्यांनी परत त्या माणसाकडे बघितलं, आणि नाक ओळखलं.

"दादा," तो म्हणाला. शब्द जड जड येत होते, तोंडाची एकच बाजू हलत होती.

मिस्त्रींनी बाजूला होऊन वाट दिली. धाकटा येऊन स्टुलावर बसला, श्वास घेत राहिला. बाकाकडे, खिडकीकडे, सगळीकडे बघायला त्याला अख्खी मान वळवावी लागत होती. उजवा डोळा उघडा होता, पण त्यात काही नव्हतं.

"दाखव," तो म्हणाला.

दस्ता बघून त्याचा चेहरा असा काही खुलला की मिस्त्रींना क्षणभर वाटलं, सगळं ठीक होईल. त्यानं डाव्या तळव्यानं लाकूड कुरवाळलं, जोडावरून नख फिरवलं. "कागद जायचा नाही," तो म्हणाला. "अण्णासुद्धा... गप्प बसले असते."

मग त्यानं बंदूक उचलली. डाव्या हातानं, डाव्या खांद्याला. पुतणीनं पुढे होऊन नळ्या खालून धरल्या. तिला सवय दिसत होती. दस्ता खांद्याला टेकला आणि हात चापापर्यंत पोचेना. त्यानं मान पुढे काढली. लाकडानं गाल बाहेर ढकलला. डावा डोळा नळीच्या एका अंगाला, नेम दुसऱ्या अंगाला. त्यानं खांदा हलवून बघितला, कोपर उचलून बघितलं. तीन वेळा करून बघितलं. मिस्त्रींना सगळं दिसत होतं: लांबी सव्वा इंच जास्त आणि कल नेमका उलटा. सव्वा इंच.

धाकट्यानं बंदूक मांडीवर घेतली.

"ज्याला केलास ना दादा," तो म्हणाला, "त्याला झकास बसला असता."

"मला वाटलं..." मिस्त्री म्हणाले.

"मी कळवलं होतं तुला. सगळं लिहिलं होतं. हात गेला, डोळा गेला, पाठ वाकली. चार ओळींत." एकेक वाक्याला तो दम घेत होता. "डोळा आधी गेला, काचबिंदूनं. मग गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. बंदूक पुसत होतो, तेव्हाच पडली. पोरीला म्हटलं, तू काही बोलू नकोस, रडशील. कागद दे. दादाला माप कळतं."

मिस्त्रींनी खिशातून कागद काढला. कोंबडीनं पाय ओढल्यासारखं ते अक्षर. डाव्या हाताचं होतं ते.

"मला वाटलं तू थट्टा करतोयस," ते म्हणाले. "अण्णांसारखी. खोटं माप देऊन."

धाकटा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या अर्ध्या तोंडातून हसू फुटलं. "अण्णांसारखी! अरे देवा!" तो हसत सुटला, खांदे गदागदा हलायला लागले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते थांबेचना. मिस्त्री घाबरून उठले.

"असंच होतं हल्ली त्यांचं," पुतणी म्हणाली आणि रुमालानं बापाचं तोंड पुसलं. "हसू आणि रडू वेगळं राहत नाही."

शांत झाल्यावर धाकटा म्हणाला, "तू निरोप दिलास ना, सगळं कळलं. मग मी खुर्ची दाराशी लावून घ्यायला लागलो. रोज. म्हटलं, दोन बसचा तर रस्ता आहे. आज येईल, उद्या येईल." त्याची जीभ आता जास्त जड व्हायला लागली होती. "तू आला नाहीस. मग म्हटलं, कळूनही येत नाही, म्हणजे राग आहे अजून."

"अरे पण एक साधं पत्र लिहायचं होतंस गाढवा! नीट, सरळ, की मला असं असं झालंय."

"लिहिलं होतं. उघडलंस?"

तीन पाकिटं आली होती बावीस वर्षांत. एक भांडणानंतरच्या वर्षी. एक ह्याच पोरीच्या लग्नाचं. आणि एक गेल्या वर्षी, वाकड्यातिकड्या अक्षरातलं. तिन्ही त्यांनी मागचा पत्ता बघून, न फोडता, पोस्टमनच्या हातात परत ठेवली होती, आणि प्रत्येक वेळी वाटलं होतं की आता तरी तो स्वतः येईल.

"एका डोळ्यानं, एका हातानं मी आता काय मारणार, सांग," धाकटा म्हणाला. "बंदूक मला कशाला हवी? पण बंदूक आली की तुला माप वाचावंच लागतं."

पुतणी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मिस्त्रींनी केलेली तालीम सगळी डोक्यातून पुसून गेली होती, तरी ते धाकट्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "चुकलो रे. तेव्हाही चुकलो आणि आताही." धाकट्यानं डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

जरा वेळानं मिस्त्री उठले, फूटपट्टी आणि दोरी घेतली. "सरळ बस," ते म्हणाले, आणि त्यांनी भावाचं माप घेतलं. वाकलेल्या खांद्यापासून, जेमतेम पुढे जाणाऱ्या डाव्या हाताच्या बोटापर्यंत. खांद्यापासून डोळ्यापर्यंत. हात हातात घेतला तर शर्टाच्या आत नुसतं हाड. हेच ते माकडाचे हात. चारही आकडे कागदाशी तंतोतंत जुळले, एका सुताचाही फरक नाही.

"कुणी घेतलं होतं हे?" त्यांनी विचारलं. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, त्याला दोन माणसं लागतात, हे त्या धंद्यातलं कुठलंही पोर सांगेल.

"मीच. दोरीचं एक टोक दातांत धरून. दाराच्या चौकटीवर खुणा करून." तो अर्ध्या तोंडानं हसला. "चार दिवस लागले. एकही सूत चुकलं नाही ना?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "मला जमलं नसतं." एवढं त्यांनी त्याला आधी कधी म्हटलं नव्हतं. "नवा करतो. दुसरी फळी शोधतो. दीड महिना दे मला."

"नको."

"का नको?"

"तोपर्यंत माप बदलेल," धाकटा म्हणाला.

कप तसेच राहिले. टॅक्सीवाला थांबायला तयार नव्हता आणि धाकटा दमला होता, मान छातीवर पडत होती. दोघांनी दोन बाजूंनी धरून त्याला गाडीत बसवलं. पुतणी बिचारी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "काका, मी सांगायला हवं होतं, मी बोलायला हवं होतं." मिस्त्री म्हणाले, "तू बापाचा शब्द पाळलास. आम्हालाच वाचता आलं नाही."

मग ते गाडीच्या खिडकीशी वाकले. "उद्या येतो घरी," ते म्हणाले. "दोन बस ना? येतो."

धाकटा काहीतरी बोलला. दुपार झाली होती, जीभ पार लोळागोळा झाली होती. नुसता आवाज आला, शब्द एकही नाही. मिस्त्रींनी पुतणीकडे बघितलं. तिलाही कळलं नव्हतं. टॅक्सीवाल्यानं गाडी सुरू केली. मिस्त्रींनी खिडकीची काच घट्ट धरून ठेवली.

"थांबा हो जरा," ते त्याला म्हणाले, आणि डोकं आत घालून कान भावाच्या तोंडाशी नेला. "परत सांग. मला कळलं नाही."

तो परत बोलला. कळलं नाही. "परत," मिस्त्री म्हणाले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. धाकट्यानं डोळा मिटला, श्वास घेतला, आणि एकेक शब्द सुटा करत तिसऱ्यांदा सांगितलं.

"सकाळी ये," तो म्हणत होता. "दुपारनंतर माझं बोलणं कळत नाही कुणाला."